पैसे देऊन भरलेली चूळ

माझ्या नवऱ्याला कारखान्याने सहा आठवडे पश्चिम जर्मनीला पाठवलं, तेव्हा मी अकरा वस्तूंची यादी केली आणि तिची कार्बन कॉपी स्वतःजवळ ठेवली. घाटकोपरच्या एका शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क आहे. कोणाचा दाखला निघाला, कोणत्या वर्गाचं हजेरीपुस्तक अजून आलं नाही, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाच्या खिशातून घरी गेली, हे मी लिहून ठेवते, म्हणून ती शाळा चालते असं माझं प्रामाणिक मत आहे. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांतही तोच कारभार. गॅसचा नंबर कधी लावला ते कॅलेंडरवर, इस्त्रीला किती कपडे गेले ते दारामागच्या वहीत. मुलं हसतात. हसोत. हरवलेल्या वस्तू विचारायला शेवटी माझ्याकडेच येतात.

ती यादी फार विचार करून केली होती. मुलांसाठी स्केचपेन, बटण दाबलं की उघडणारी छत्री, न चिकटणारा तवा, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी लोकरी पट्टा, असं करत करत दहा वस्तू घरच्यांच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. अकरावी माझी. चामड्याची पर्स, पाच कप्प्यांची. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावरच्या बाईंकडे तशी एक होती, त्यांच्या भावाने बाहेरून आणलेली. रेल्वेचा पास एका कप्प्यात, चष्मा एकात, चिल्लर एकात. सकाळी आल्या की त्या पर्स टेबलावर ठेवायच्या आणि एकेक चेन सावकाश ओढायच्या. त्या वेळी माझं टायपिंग चुकायचं.

सहा आठवड्यांत नवऱ्याची चार पत्रं आली. चारही सारखी. तब्येत ठीक. काम ठीक. जेवण ठीक. थंडी आहे. मुलांना आशीर्वाद. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण घरीही तो एवढंच बोलायचा. जेवताना डाव्या हाताला पेपर असायचा आणि उजव्या हाताला ताट. ताटात काय वाढलंय हे तो बोटांनी ओळखत असावा. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि 'आज आमटी चांगली झाली' हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वाईट झाली असंही कधी ऐकलं नव्हतं. ऑफिसात बायका नवऱ्यांच्या खोड्या सांगायच्या, की ह्याला मीठ कमी लागतं, त्याला भाजीत गूळ चालत नाही. मी म्हणायची, आमच्याकडे काही कटकट नाही. आणि ते मला खरंच सुख वाटत होतं.

तो आला त्या दिवशी दुपारी मी बॅग पलंगावर उघडली आणि कार्बन कॉपी हातात घेतली. एकेक वस्तू बाहेर आली, मी एकेक खूण केली. दहा खुणा झाल्या. बॅगेत मळके कपडे उरले.

"पर्स?" मी विचारलं.

"पर्सचं राहिलं."

"राहिलं म्हणजे? दुकानं बंद होती?"

"नाही. पैसे संपले."

"कशात?"

त्याने शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढलं. जाड, पिवळट, वर द्राक्षांचा घड छापलेला. खाली पाच ओळी जर्मन भाषेत आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं.

"शेवटच्या शनिवारी गेलो होतो. नदीकाठच्या एका गावात. तळघरात बसवतात आणि वाइन चाखायला देतात. तिकीट असतं."

मी आधी उठून दार लावलं.

त्याचं कारण सांगायला हवं. माझे सासरे लालबागला गिरणीत होते, आणि ते दारूने गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते गेल्यावर सासूबाईंनी एकुलत्या एक मुलाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली, की दारूचा एक थेंब गिळणार नाही. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मी लग्न होऊन आले तेव्हा ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आली, पाण्याची वेळ सांगावी तशी. सासूबाई अजून लालबागच्या खोलीतच राहत होत्या, पण महिन्याआड आमच्याकडे यायच्या. हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्या पुन्हा आमच्या दारात आल्या नसत्या.

"शपथेचं काय?" मी म्हटलं.

"अगं, गिळली नाही. तिथे कोणीच गिळत नाही. तोंडात घ्यायची, घोळवायची, आणि थुंकायची. मध्ये बादली ठेवलेली असते."

"पैसे देऊन?"

"पैसे देऊन."

म्हणजे माझी पर्स एका बादलीत गेली होती.

मला वाटलं होतं तो ओशाळेल आणि विषय संपेल. पण तो पलंगाच्या कडेवर बसला आणि सांगू लागला, न विचारता. लांब लाकडी टेबल. बारा माणसं, एकमेकांना अनोळखी. समोर पातळ काचेचे ग्लास, त्यांत तळाला बोटभर वाइन. मध्ये तोंड साफ करायला पावाचे तुकडे. एक बाई सगळं सांगत होती. ग्लास तिरका धरायचा, उजेडात रंग बघायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा, डोळे मिटायचे. मग ती प्रत्येकाकडे येऊन विचारायची, तुम्हाला काय आठवलं?

"तुम्हाला पण विचारलं?"

"विचारलं ना. कारखान्यातला एक जण बरोबर होता, तो इंग्रजीत सांगायचा तिला."

"आणि तुम्ही बोललात?"

"बोललो की."

मी कार्ड हातात घेतलं. पेन्सिलीचं अक्षर त्याचंच होतं, आणि मराठी होतं. पहिल्या ओळीपुढे 'ओला दगड'. दुसरीपुढे 'कच्ची कैरी, मीठ न लावलेली'. तिसरीपुढे 'रॉकेल, पण चांगलं'. चौथीपुढे 'वाळत घातलेली फणसाची साठं'. पाचवीपुढे काही नव्हतं.

मला घरी पाठवलेल्या चार पत्रांत 'ठीक' हा शब्द बारा वेळा होता. मी नंतर मोजले.

"कशी होती ती बाई?"

"कशी म्हणजे?"

"वयाने."

"साठीची असेल. जाड होती. दम लागायचा तिला पायऱ्या चढताना."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती पंचविशीची आणि देखणी असती तर माझं काम सोपं झालं असतं, चार दिवस धुसफुसून मी मोकळी झाले असते. पण एका जाड, म्हाताऱ्या, दम लागणाऱ्या बाईने बोटभर पाणी पुढे करून माझ्या नवऱ्याला विचारलं, काय लागतंय, आणि तो बोलला. मी सतरा वर्षं रोज दोन वेळा ताट पुढे करत होते.

खालच्या मजल्यावर त्याच्याच खात्यातले एक जण राहतात. जर्मनीला त्यांचंही नाव होतं, ऐन वेळी मागे पडलं. ते रविवारी सकाळी चहाला आले. त्यांना नवऱ्याने सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"वहिनी, ऐकलंत का? लोक परदेशात जाऊन टू-इन-वन आणतात. हा तिकीट काढून चूळ भरून आला!"

"हळू बोल रे," नवरा म्हणाला.

"हळू काय यार? अरे, चूळ भरायला मुलुंडला नळ नाहीत? बरं, पिऊन आला असतास तरी म्हटलं असतं, चला, गड्याने मजा केली. पैसे पण गेले आणि प्यायला पण नाहीस. वाट लागली ना दोन्हीकडून!"

"तुला नाही कळायचं."

"सांग ना मग. काय मिळालं? एका वाक्यात सांग. त्या पैशात काय काय आलं असतं ते मी सांगतो, तू हे सांग."

नवऱ्याने कप बशीत ठेवला. "नाक मिळालं," म्हणाला.

खालचे इतके हसले की चहा बशीत सांडला. मीही हसले, पण ते हसत होते तसं नाही. त्यांचं पोट दुखत होतं ते जर्मनीला जायला न मिळाल्याने. माझं कशाने दुखत होतं ते मी कोणाला सांगू शकत नव्हते. नवऱ्याला परदेशात पाच ग्लासांचा वास आला म्हणून बायको जळते, हे ऑफिसात सांगितलं असतं तर समोरच्या टेबलावरच्या बाईंनी पर्सच्या पाचही चेन लावून माझ्याकडे बघितलं असतं.

नाक मिळालं हे मात्र खरं निघालं. त्या आठवड्यापासून पेपर ताटाच्या डाव्या बाजूने उठून खिडकीत गेला. तो जेवायला बसण्याआधी ओट्यापाशी यायचा, टोपावरचं झाकण उचलायचा, तोंड खाली घालून डोळे मिटायचा आणि लांब श्वास घ्यायचा. मुलांना गंमत वाटली, तीही करू लागली. मला ते बघवत नसे. ज्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं त्या दिवशी तो झाकण हातात धरून म्हणाला, "आज तिरफळं जास्त ठेचलीस का?"

ठेचली होती. चार दाणे जास्त पडले होते आणि मी घाईत ते तसेच राहू दिले होते. दुसऱ्या कोणत्याही बाईला आनंद झाला असता.

"हे त्या बाईला कळवायचंय का?" मी म्हटलं. "पत्र लिहा. बारा माणसांना वाचून दाखवेल."

त्याने झाकण ठेवलं आणि तो बाहेर जाऊन बसला. मी वाढलं. तो दिवस तसाच गेला, आणि पुढचेही बरेच. तो वास घ्यायचा, मी तोंड फिरवायची. त्याला वाटत होतं मी पर्ससाठी रागावलेय. एकदा म्हणालाही, "क्रॉफर्ड मार्केटला तशा मिळतात, जाऊन येऊ." मी म्हटलं, मला वेळ नाही. त्याला काय हवं होतं ते त्याने पैसे देऊन मिळवलं होतं. मला काय हवं होतं ते मागायचं कसं, हे माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हतं. त्याने ते माझ्याकडे शिकायला हवं होतं, माझ्या ओट्यापाशी, माझ्या हातचं खाताना. तो ते दुसरीकडे शिकून आला होता आणि घरी फक्त वापरत होता.

भाद्रपदात सासऱ्यांचा म्हाळ आला. पितृपंधरवड्यातलं हे जेवण आमच्याकडे दरवर्षी मुलुंडलाच होतं. सासूबाई आदल्या दिवशी यायच्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घ्यायच्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. या स्वयंपाकाचा एक नियम आहे आणि त्यात सूट नाही. पितरांचं पान वाढेपर्यंत कोणी काही चाखायचं नाही. मीठ अंदाजाने. आणि वासही घ्यायचा नाही. वास घेतला की ते अन्न उष्टं. आमच्या सासूबाई सांबाऱ्याला फोडणी देताना मान वळवून उभ्या राहायच्या, पदर नाकाला लावून.

मी आठ दिवस आधी यादी केली होती. वाटाणे किती भिजवायचे तेही लिहिलं होतं. जेवायला घरचे आम्ही पाच, आणि पुरुषांच्या पंगतीला बाहेरचं कोणी असावं म्हणून खालच्या मजल्यावरचे. इतक्या माणसांना लागतील तितकेच वाटाणे, एक मूठ जास्त नाही. मला उरलेलं आवडत नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला सगळं तयार झालं. केळीचं पान धुऊन पाटासमोर ठेवलं. मी खीर काढायला वाटी शोधत होते, सासूबाई वडे तळत होत्या. नवरा आंघोळ करून, धोतर नेसून स्वयंपाकघरात आला. खालचे बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते. आणि नवऱ्याने रोजच्यासारखं सांबाऱ्याच्या टोपावरचं झाकण उचललं, तोंड खाली घातलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

मुद्दाम नव्हे. त्याचा हातच त्या झाकणावर गेला. मी पाहिलं, पण माझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत सासूबाई वळल्या होत्या.

"काय केलंस रे ह्या?" झारा त्यांच्या हातातच होता. "टोपात नाक घातलंस? बापाशीच्या पानार जाऊच्या आदी वास घेतलंस?"

नवऱ्याच्या हातातून झाकण ओट्यावर पडलं.

"आये, चुकान झाला."

"चुकान? डोळे मिटान घेतलंस मेल्या! चुकान डोळे मिटतत?"

बाहेरच्या खोलीतून खालचे दारापाशी आले. "मावशी, त्याला सर्दी झालीय," ते म्हणाले. "परवापासून. नाक चोंदलंय, म्हणून असं..."

"सर्दी झालेल्या माणसाक वास येता?" सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "ही सवय खय लागली तुका? आदी कधी न्हय ती?"

नवरा जमिनीकडे बघत होता. खालचे माझ्याकडे बघत होते, आणि मान अगदी थोडी हलवून मला 'नको' म्हणत होते. मला ते स्पष्ट दिसलं. गप्प राहणं अवघड नव्हतं. 'कारखान्याच्या गडबडीत वेंधळा झालाय' असं काहीतरी बोलले असते तर सासूबाई दोन तास बडबडल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. मी दाखले लिहिते. काय लिहायचं आणि काय नाही हे मला कळतं.

"जर्मनीत लागली," मी म्हटलं. "तिथे एक बाई शिकवते. पैसे घेऊन. दारूचा वास कसा घ्यायचा ते."

हजेरी वाचावी तशा आवाजात मी ते बोलले. बोलून झाल्यावर कढईतला वडा करपल्याचा वास आला, आणि तो बाहेर काढायला मी पुढे झाले, म्हणून सासूबाईंचं तोंड मला लगेच दिसलं नाही. ऐकू आलं ते एवढंच.

"पिलंस?"

"नाय आये. एक थेंब गिळूक नाय. तोंडात घेतलंय आणि थुकलंय. तुझी शपथ."

"माझी शपथ आधीच घेतलेली आसा. परत कित्याक घेतंस? थुकूचीच होती तर मगे गेलंस कित्याक?"

मी गॅस बंद केला. हा प्रश्न मला इतक्या दिवसांत सुचला नव्हता. किती लागले, कोण होती, कशी होती, हे सगळं मी विचारलं होतं.

नवऱ्याने धोतराचं टोक हातात घेतलं होतं आणि तो त्याला पीळ देत होता. चाळिशी उलटलेला माणूस.

"बाबा काय शोधी होते ता बघूक," तो म्हणाला.

सासूबाई खाली पाटावर बसल्या. पान त्यांच्या समोर होतं, रिकामं.

"गावला?"

"वास गावला. शेवटच्या बारक्या ग्लासात काय तरी कडक होता. बाबांच्या शर्टाक येय, तोच वास. बाकीच्यांका मी काय काय सांगितलंय, त्या ग्लासाक माका सांगूक येवक नाय."

"आणि चव?"

तो विचार करत होता. खरंच विचार करत होता, डोळे मिटून, आईच्या समोर उभा राहून. "जीभ जळता. मगे जरा गोड. मगे कायच नाय."

"इतक्याच?"

"इतक्याच."

सासूबाई केळीच्या पानावरचं पाणी हाताने निपटत म्हणाल्या, "आणि इतक्यासाठी तुझो बापूस माझ्या हातचा जेवाण गार करी होतो."

खालच्यांनी चप्पल घातल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी तिथूनच ओरडून त्यांना बसायला सांगितलं, "खय चल्लास? जेवान जा." ते परत आत येऊन बसले.

मी ओट्याला टेकून उभी होते. मला वाटत होतं आता या माझ्याकडे वळतील आणि विचारतील, तू कशाला सांगितलंस? त्या वळल्याही. पण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघून एवढंच म्हणाल्या, "तुका पण राग इलो असतलो."

मी मान हलवली.

"येतलोच," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

सांबारं पानावर घालायचं नाही असं त्यांनी ठरवलं. दुसरं करायला वाटाणे भिजवलेले नव्हते, आणि त्याला माझा नेमका अंदाज जबाबदार होता. "ह्या वर्षी तेका सांबाऱ्याबिगर जेवूचा लागतला," त्या म्हणाल्या आणि वडे, भाजी, खीर वाढून त्यांनी पान गच्चीवर पाठवलं. आवाजात राग होता की आणखी काही, मला ठरवता आलं नाही. सासऱ्यांचं जेवण अपुरं गेलं, ते त्यांना फारसं जड गेलेलं दिसलं नाही.

मग पंगत बसली. सांबारं जिवंत माणसांना चालत होतं. मी वाढायला गेले. पहिल्यांदा खालच्यांना, मग मुलांना, मग नवऱ्याला. त्याने घास घेतला. पेपर नव्हता, तो खाली बघून खात होता, आणि त्याचे कान लाल होते. मी पळी हातात धरून त्याच्यासमोर थांबले. दुसऱ्या कोणाला वाढायचं नव्हतं. तरी थांबले.

"काय लागतंय?" मी विचारलं.

त्याने वर बघितलं. टोमणा आहे की काय हे तो तपासत होता.

"खरंच विचारतेय," मी म्हटलं.

त्याने आणखी एक घास घेतला आणि सावकाश खाल्ला. खालचे जेवायचे थांबले. "खोबरं जास्त भाजलंय," तो म्हणाला. "काळ्या रंगाच्या जवळ नेलंयस. त्यामुळे मागून कडवट येतं. लवंग बरोबर आहे."

"आज जास्त भाजलं गेलं?"

"नाही. नेहमी असंच असतं."

"नेहमी म्हणजे?"

"पहिल्यापासून."

"मग सतरा वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं?"

"अगं, पण मला ते आवडतं," तो म्हणाला. "ते कडवट. आईच्या सांबाऱ्यात ते नसतं."

"वहिनी," खालचे म्हणाले, "याची चूळ वसूल झाली म्हणायची."

"तुम्ही जेवा," मी म्हटलं.

लोक अजून विचारतात. आता बरेच जण बाहेर जातात, कोणाची मुलगी तिकडे असते, कोणी टूर कंपनीबरोबर जातं, आणि कार्यक्रमपत्रिकेत अशी एक संध्याकाळ जादा पैसे भरून घेण्यासारखी असते. त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की आमच्याकडे ती करून आलेला माणूस आहे. पैसे वसूल होतात का, हा प्रश्न ते त्याला विचारतात आणि तो हसतो. मला विचारलं तर मी सांगते, प्यायची हौस असेल तर जाऊ नका, त्यापेक्षा बाटली घेऊन बसा. आणि थुंकायची तयारी असेल तर आधी एकदा घरी करून बघा, भाताच्या पेजेवर. पेजेला वास येत नाही असं वाटत असेल तर तिकीट काढा. एवढं सांगून मी थांबते. ती बाई मला आवडत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. ती आता असेल की नाही, कोण जाणे. तिच्या तळघरात बसून माझ्या नवऱ्याने कच्च्या कैरीची आठवण काढली, ती माझ्याजवळ काढली नाही, आणि हे म्हाळाच्या दिवशी मिटलं नाही, नंतरही पुरतं मिटलेलं नाही.

त्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्यापाशीच ताट घेतलं. सासूबाई बाहेर आडव्या झाल्या होत्या, खालचे विडा खाऊन गेले होते. टोपात माझ्यापुरतं सांबारं उरलं होतं, गार झालेलं. मी एक घास घेतला आणि पुढचं काम काय, हे नेहमीसारखं मनात यायला लागलं. भांडी, पाट, धोतर भिजवायचं. मी थांबले. डोळे मिटले आणि दुसरा घास घेतला. मीठ लागलं. मग नुसतं गरम मसाल्यासारखं काहीतरी. कडवट कुठे आहे ते मला सापडेना. इतकी वर्षं मी ते घातलं होतं आणि मलाच ते सापडत नव्हतं. तिसरा घास तोंडात घेऊन मी तो नुसताच धरून ठेवला.

नवरा पंगतीची पानं घेऊन आत आला. मला डोळे मिटून उभी बघून तो दारातच थांबला असावा, कारण पावलांचा आवाज बंद झाला.

"काय लागतंय?" त्याने विचारलं.

मी घास गिळला.

"बोलू नका मध्ये," मी म्हटलं. "अजून कळलं नाही."